स्क्रीनवरचा वेग खरा का वाटतो?

खुर्ची जागची हलत नाही, तरी रेसिंग गेममध्ये वळण आलं की आपण अंग झुकवतो. असं का? डोळा वेग जोखतो तो कडेने मागे पळणाऱ्या वस्तूंवरून. रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब सपासप जातात, दूरचा डोंगर जागचा हलत नाही, तसंच हे. २००३च्या ‘नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड’ या गेमने हे नेमकं हेरलं: रात्रीचं शहर, ओला चकचकीत रस्ता, त्यावरून झरझर मागे सरकणारी निऑनची प्रतिबिंबं. करामत अस्सलच!

पण गेमचा दर्जा ठरतो त्यातल्या प्रतिस्पर्धी गाड्यांवर. तुम्ही आघाडी घेतली की अनेक गेम त्यांचा वेग गुपचूप वाढवतात. चुरस टिकते, कौशल्य मात्र मातीमोल होतं. गेम घेण्याआधी एक शर्यत बिनचूक चालवून पाहा. मागची गाडी तरीही चिकटूनच राहिली, तर पैसे जपून ठेवा.