उष्णता, वेळ आणि रबराचे कण

भिलाईच्या पोलाद-कारखान्यात १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात, हे तेथील वैशाली नगरातल्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु रुळांचे काही सांधे गोंदाने जोडलेले असतात, हे ऐकून त्याला नवल वाटेल. गाडी कोणत्या टप्प्यात आहे, हे अनेक ठिकाणी सिग्नलला रुळांतील विजेच्या प्रवाहावरून कळते. त्यासाठी एका टप्प्याचे रूळ शेजारच्या टप्प्यापासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवावे लागतात; रुळांवरील ओढ व दाब मात्र सांध्याने निमूटपणे सोसले पाहिजेत. म्हणून अशा सांध्यात पोलादी फिशप्लेटी व बोल्ट यांच्या जोडीस वीज-निरोधक थर आणि इपॉक्सी गोंद यांची योजना असते.

इपॉक्सी राळेत हार्डनर मिसळला, की लहान रेणू परस्परांस जोडले जाऊन त्यांचे एक जाळे बनते व गोंद घट्ट होतो. असा गोंद कठीण असतो, पण ठिसूळही असतो. एकदा तडा पडला, की तो सहज पुढे धावतो. यावर एक सुप्रसिद्ध उपाय म्हणजे राळेत थोडे द्रवरूप रबर मिसळणे. आरंभी रबर राळेत विरघळलेले असते. परंतु राळेचे रेणू जसजसे मोठे होतात, तसतशी त्यांची परस्परांत मिसळण्याची प्रवृत्ती घटते, आणि रबर वेगळे होऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. या क्रियेस प्रावस्था-विलगन म्हणतात. हे कण बहुधा १ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके असतात. तडा तेथे पोहोचला, की कण ताणले जातात, भोवतीची राळ किंचित वाकते आणि तड्याची शक्ती खर्ची पडते.

हे कण किती मोठे होतील? घरी कढविलेले तूप सावकाश निवाले तर रवाळ होते, झटपट गार केले तर रवा बारीक राहतो. एकत्र येण्यास मिळालेल्या वेळेवर रव्याचा आकार ठरतो. गोंदात मात्र हा वेळ थंडीने नव्हे, तर रेणूंच्या जाळ्याने संपतो. जाळे सर्वत्र पसरले, की मिश्रण जेलीसारखे थिजते आणि कणांची वाढ जवळजवळ थांबते.

येथे उष्णता दुहेरी खेळ खेळते. तापमान वाढविल्यास मिश्रण पातळ होते, रबराचे रेणू सहज हिंडतात व कण वाढू लागतात. त्याच वेळी रासायनिक क्रियाही वेग घेते आणि जाळे लवकर तयार होते. शिवाय इपॉक्सी व रबर यांच्या अनेक मिश्रणांत उष्णतेने विद्राव्यता वाढते, म्हणून विलगन उशिरा सुरू होते. तापमान फार कमी असेल तर दाट झालेल्या मिश्रणात, आणि फार अधिक असेल तर अपुऱ्या वेळेमुळे, काही रबर राळेतच अडकून राहते. त्यामुळे गोंद चिवट होण्याऐवजी मऊ पडतो. यास्तव ‘जितके उष्ण तितके उत्तम’ हा नियम येथे लागू पडत नाही. प्रत्येक मिश्रणाचे योग्य तापमान प्रयोगानेच ठरवावे लागते.

एकदा जाळे घट्ट झाले, की पुन्हा तापवून कणांची रचना पालटता येत नाही. सांधा वरून निर्दोष दिसेल. त्याच्या अंतरंगातील उणीव मात्र भाराखालीच प्रकट होईल. गोंदाच्या डब्यावर तापमान व वेळ यांची जी सूचना छापलेली असते, तिचे महत्त्व एवढे मोठे आहे.