पंक्चर काढता काढता विमान उडालं नाही

गेल्या महिन्यात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. पाहुण्यांनी भाषणात राइट बंधूंची गोष्ट सांगितली. सायकलींची पंक्चर काढणारे दोन भाऊ, कॉलेजची पायरी न चढलेले. जिद्दीच्या जोरावर त्यांनी विमान उडवलं आणि पदव्या घेतलेले शास्त्रज्ञ बघत राहिले. टाळ्या कडकडल्या. माझ्या शेजारी बसलेला नववीतला मुलगा मित्राला म्हणाला, "बघ, गणित नाही आलं तरी चालतं."

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती निमूटपणे ऐकून घेववत नाही. त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला जे सांगितलं गेलं, त्यातून हाच अर्थ निघतो. पण जे सांगितलं गेलं, ते खोटं आहे.

खरं तेवढं आधी मान्य करतो. विल्बर आणि ऑर्विल यांच्याकडे पदवी नव्हती, दोघांपैकी एकालाही हायस्कूलचं प्रमाणपत्रसुद्धा मिळालं नव्हतं. अमेरिकेतल्या डेटन गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं, हेही खरं. पण ते नुसते दुरुस्ती करत नव्हते, 1896 पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली तयार करून विकत होते. आणि शाळेचा दाखला नसणं म्हणजे अभ्यास नसणं नव्हे. 30 मे 1899 रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावर आजवर काय काय छापून आलं आहे, ते मागवलं. लिलिएन्थाल, लँग्ली, शनूट या आधीच्या अभ्यासकांचं लेखन दोघांनी मुळापासून वाचलं. ऑक्टेव्ह शनूट हे नामांकित स्थापत्य अभियंते. त्यांच्याशी पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. या भावांची पत्रं आणि वह्या 1953 मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाल्या आहेत. ज्याला शंका असेल त्याने ते खंड चाळावेत. पानोपानी आकडे आहेत.

गोष्टीतून नेमका गाळला जातो तो भाग 1901 सालचा. त्या उन्हाळ्यात त्यांनी किटी हॉक गावाजवळच्या वाळूवर 22 फुटी पंखांचं ग्लायडर नेलं. गणिताप्रमाणे वाऱ्यात जितकी उचल (लिफ्ट) मिळायला हवी होती, तिच्या साधारण एक तृतीयांशच मिळाली. विल्बर इतका खचला की माणूस आपल्या हयातीत काही उडणार नाही, असं परतीच्या वाटेवर भावाला म्हणाला. जिद्दीची गोष्ट सांगणाऱ्यांनी इथे थांबून विचारायला हवं की जिद्दीने पुढे केलं काय? तेच ग्लायडर पुन्हा पुन्हा टेकडीवरून ढकललं का? नाही. त्यांनी आकड्यांवर संशय घेतला.

उचल काढायचं तेव्हाचं सूत्र सोपं होतं. पंखाचं क्षेत्रफळ, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, पंखाच्या आकाराचा गुणांक आणि हवेच्या दाबाचा एक स्थिरांक, या सगळ्यांचा गुणाकार. हा स्थिरांक जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या 1759 च्या निबंधापासून चालत आलेला, 0.005. जवळजवळ दीडशे वर्षं तोच आकडा पुस्तकांतून पुढे सरकत होता. राइट बंधूंनी स्वतःच्या मोजमापांवरून तो काढला तेव्हा आला 0.0033 च्या आसपास. आजचा स्वीकृत आकडाही जवळपास तोच आहे. स्नेहसंमेलन संपल्यावर मी त्या मुलाला कार्यक्रमपत्रिकेच्या मागे भागाकार करायला लावला. 0.66 आलं. म्हणजे चुकीच्या स्थिरांकामुळेच खरी उचल हिशेबाच्या दोन तृतीयांशावर येते. "मग उरलेली कुठे गेली?" हे त्याने स्वतःहून विचारलं. हाच प्रश्न घेऊन दोघे भाऊ कामाला लागले.

आधी त्यांनी सायकलच्या हँडलवर तिसरं चाक आडवं बसवलं. चाकाच्या कडेवर एका जागी बाकदार पत्रा, दुसऱ्या जागी सपाट पत्रा. सायकल जोरात हाणली की समोरून वारा लागतो आणि कुठला पत्रा चाकाला आपल्याकडे फिरवतो ते दिसतं. पण रस्त्यावरच्या वाऱ्याचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी लाकडी पेटी केली, 6 फूट लांब, आतून 16 इंच चौरस. दुकानातल्या इंजिनावर चालणारा पंखा एका टोकाला. ताशी सुमारे 27 मैलांचा स्थिर वारा. आतले तराजू हॅक्सॉच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचे. एक उचल मोजायला, दुसरा हवेचा रोध आणि उचल यांचं गुणोत्तर काढायला. 1901 च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे दोनशे छोटे पंख करून पाहिले आणि त्यांतले चाळीसच्या वर वेगवेगळ्या कोनांत पद्धतशीर तपासले. विंड टनेल हा शब्द ऐकून आज जे डोळ्यांपुढे येतं तसं काही नव्हतं, पण पद्धत तीच होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि आकडा लिहायचा.

उरलेल्या उचलीचं उत्तर त्या पेटीत मिळालं. आखूड-रुंद पंखापेक्षा लांब-अरुंद पंख तेवढ्याच क्षेत्रफळात कितीतरी सरस ठरतो आणि बाक जास्त खोल असला की नुकसान होतं. 1901 चा पंख 22 फूट लांब आणि 7 फूट रुंद होता. 1902 चा 32 फूट लांब आणि 5 फूट रुंद. त्या शरदात शेकडो उड्डाणं झाली, सर्वांत लांब 600 फुटांच्या पुढे. मागचं सुकाणू हलतं केल्यावर तिन्ही अक्षांवर ताबा आला. माझ्या मते विमानाचा शोध खरं तर इथे लागला; इंजिन नंतर बसलं.

इंजिनाचीही तीच कथा. आठ-नऊ अश्वशक्ती पुरेल असा त्यांचा हिशेब होता. तितकं हलकं इंजिन विकत मिळेना, म्हणून दुकानातले यंत्रकार चार्ली टेलर यांनी सहा आठवड्यांत घडवलं. चार सिलिंडर, सुमारे 12 अश्वशक्ती, क्रँककेस ॲल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रधातूची ओतीव. प्रोपेलर मात्र त्यांना सर्वांत छळून गेला. जहाजांच्या प्रोपेलरवरच्या पुस्तकांत अंदाजापलीकडे सिद्धांत नव्हता. मग प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, असं धरून त्यांनी पेटीतले आकडे त्याला लावले. त्यांच्या प्रोपेलरच्या प्रतिकृती पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा कार्यक्षमता 75 टक्क्यांच्या आसपास भरली. सांगाडा स्प्रूस आणि ॲश लाकडाचा आणि त्याला पुलांच्या कैचीसारखा तारांचा ताण. ही रचना पूल बांधणाऱ्या शनूटकडून आलेली. नोव्हेंबर 1903 मध्ये प्रोपेलरच्या पोकळ दांड्याला तडा गेला, तेव्हा ऑर्विल डेटनला परतला आणि भरीव पोलादाचे दांडे घेऊन आला. त्यामुळे उड्डाण लांबलं; ते झालं 17 डिसेंबरला.

"शास्त्रज्ञ हरले, कारागीर जिंकले" हे वाक्य याच गोष्टीचं शेपूट. सॅम्युअल लँग्ली यांना अमेरिकेच्या युद्धखात्याने 50,000 डॉलर दिले होते आणि त्यांचं यान 1903 च्या 7 ऑक्टोबर आणि 8 डिसेंबरला दोनदा पोटोमॅक नदीत पडलं, हे खरं. पण लँग्लींचं इंजिन 52 अश्वशक्तीचं, त्या काळातलं अप्रतिम इंजिन होतं आणि 1896 मध्ये त्यांचं वाफेवरचं माणसाविना यान अर्ध्या मैलाहून लांब उडालेलं. ते हरले, कारण छोट्या यानाचा सांगाडा त्यांनी थेट मोठा केला आणि आधी ग्लायडरवर हात न बसवता माणूस वर बसवला. शास्त्र जास्त झालं म्हणून ते पडले नाहीत. त्यातल्या दोन पायऱ्या गाळल्या म्हणून पडले.

आता बाकीचे गैरसमज. लिलिएन्थालचे उचलीचे तक्ते चुकीचे होते, असं पुस्तकांत छापलेलं असतं. ते त्याच्या स्वतःच्या लांब-अरुंद पंखापुरते बऱ्यापैकी बरोबर होते, हे राइट बंधूंनीच नंतर मान्य केलं. विंड टनेल त्यांनी शोधला, असंही म्हणतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅमने तो 1871 मध्येच केला होता. पंखावरची आणि खालची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचते म्हणून वरची वेगाने धावते, हे स्पष्टीकरण तर अजून वर्गात शिकवलं जातं. ते चूक आहे. वरची हवा आधी पोचते. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की यांनी धुराच्या रेषांनी हे दाखवलेलं आहे.

शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघाल्याशिवाय आपल्याकडे हा विषय संपत नाही. तळपदे ही खरी व्यक्ती, त्यांना उड्डाणाचा ध्यास होता, त्याबद्दल आदरच आहे. पण 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांचं यान 1500 फूट चढलं, या दाव्यासाठी त्या दिवसांतलं मूळ कात्रण माझ्यासमोर आजवर कोणी ठेवलेलं नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला देतात, तो बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली यानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आणि शेवटचा गैरसमज, "पहिलं विमान 12 सेकंद उडालं". ते 17 डिसेंबर 1903 च्या सकाळचं फक्त पहिलं उड्डाण होतं. चौथं 59 सेकंद आणि 852 फूट झालं. त्यानंतर वाऱ्याने यान उलटून मोडलं. 5 ऑक्टोबर 1905 रोजी, त्यांच्या तिसऱ्या विमानात, विल्बर डेटनजवळच्या कुरणावर 39 मिनिटांत 24 मैल फिरला आणि इंधन संपलं तेव्हा खाली उतरला.