खांद शेकली, पोळा आला

श्रावणातली अमावास्या एका दिवसावर आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या आसपासच्या गोठ्यांत संध्याकाळी हळद आणि तूप कालवलं जातं. बैल तेवढ्यात धुऊन, चारून आणलेला असतो. कुणी धावंडा नदीच्या पात्रात नेतो, कुणी गावच्या नाल्यावर, कुणी सरळ बोअरच्या पाइपाखाली उभा करतो. अंग कोरडं झालं की घरधनी पळसाचं पान घेतो, ते हळद-तुपात बुडवतो आणि मानेच्या मुळाशी, जिथे जू टेकतं नेमक्या त्या जागी फिरवतो. याला खांद शेकणं म्हणतात. तूप परवडत नाही तिथे तेलावर भागतं. शेकून झालं की बैलाला रीतसर निमंत्रण: ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. जूनमध्ये पेरणी झाल्यापासून बैलाच्या मानेवर जू असतं. कपाशीत एकामागून एक डवरण्या, म्हणजे तण काढणाऱ्या कोळपण्या, होतात. एका जुवाला दोन, कधी तीन डवरे जोडून तासातासांतून जोडी फिरते. पिकाला तोंड लावू नये म्हणून तोंडावर मुसकं. पावसात भिजलेली कातडी आणि वर घासणारं लाकूड यांमुळे खांदा सोलवटतो, सुजतो. पशुवैद्यकांच्या भाषेत ती खांदेसूज. म्हणजे शेकण्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक बैलाचा खांदा हाताने चाचपून पाहिला जातो. गाठ कुठे आहे, कुठे हात लावला की तो अंग चोरतो, हे कळायला पूजेइतका उपयोगी मुहूर्त नाही.

दुसऱ्या दिवशीचा साज बारकाईने पाहिला तर तोही कामाच्या अवयवांचाच हिशेब वाटतो. नाकात नवी वेसण, हातात नवा कासरा. पूर्वी हे दोर अंबाडीच्या वाखाचे वळत. आता बाजारात रंगीत नायलॉन मिळतं. ते टिकतं, पण नाकाला काचतं. शिंगं साळून गुळगुळीत करतात, तेल लावतात, मग रंगवतात आणि वरून बेगड. इथे हौस आणि शहाणपण यांची गाठ पडत नाही: चकाकी हवी म्हणून घराच्या खिडकीचा उरलेला तैलरंग शिंगांवर चढतो, आणि पशुवैद्यक दरवर्षी तो नको म्हणून सांगतात. कपाळावर मठाटी, डोक्याला बाशिंग, गळ्यात कवड्यांची आणि घुंगरांची माळ, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल. ज्याची झूल भरजरी त्याचा रुबाब मोठा, हे मात्र सगळीकडे सारखं.

जेवणाबाबतही पशुवैद्यकांचं ऐकलं जात नाही. पुरणपोळी, शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा, त्यावर गूळ. प्रेमाने भरवणारे हात घरात चार असतील तर बैलाच्या पोटात चौघांचा घास जातो. एरवी कडबा आणि हिरवा चारा खाणाऱ्या जनावराला एकदम इतकं धान्य आणि गोड पचत नाही. पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, आणि सणाच्या रात्री डॉक्टरांचा फोन वाजू लागतो.

दुपार कलली की जोड्या आखरावर जमतात. दोन खांबांना बांधलेलं आंब्याच्या पानांचं लांब तोरण, त्याखाली ओळीने बैल, डफडी नि ताशा. मग झडत्या सुरू होतात. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी शेवटी महादेवाचा गजर करायचा. महादेव-पार्वतीपासून निघालेली झडती बघता बघता कापसाच्या भावावर, पीकविम्यावर, सोसायटीच्या कर्जावर येते. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं आलं, तिथे हे साहजिकच आहे. ज्याला झडती जमत नाही तो कर्जमाफीची मागणी रंगाने बैलाच्या पाठीवरच लिहून आणतो.

तोरण मानकऱ्याने तोडायचं. तुटलं की पोळा फुटला. मानाची जोडी कोणाची, पुढे कोण, मागे कोण, यावरून गावोगाव भांडणं झालेली आहेत. म्हणून मोठ्या गावांत पोळ्याला पोलीस बंदोबस्तही लागतो. बैल तिथून मारुतीला, मग घरोघर. दारात पाय धुतले जातात, ओवाळलं जातं आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, पडतो. सालगड्याला नवे कपडे मिळतात ते याच दिवशी.

अमावास्येचा हा मुहूर्त शेतीच्या वेळापत्रकातही चपखल बसतो. तोवर कपाशीला फांद्या फुटून तास झाकू लागतात, सोयाबीन दाटतं, डवरा घालायला जागा उरत नाही. बैल मोकळा होतो. अधिक महिना आला की हे गणित सरकतं. २०२३ मध्ये श्रावणच अधिक होता, तेव्हा पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२५ मध्ये तो २२ ऑगस्टला होता. त्या २०२३ च्या पोळ्यावर लम्पी या गुरांच्या रोगाचं सावट होतं. बऱ्याच ठिकाणी बैल एकत्र आणायला बंदी झाली आणि तोरणाविना दारातच पूजा उरकावी लागली.

ट्रॅक्टरने नांगरणी आणि पेरणी घेतली, पण डवरणी बराच काळ बैलाकडेच राहिली. चौफुलीवर लावलेल्या कपाशीत उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी डवरणी करता येते. वाढत्या झाडांमधून दोन बैल वळवावे तसं मोठं यंत्र वळवता येत नाही. दिग्रस, दारव्हा, आर्णीच्या कापूसपट्ट्यात बैल टिकला त्यात या डवऱ्याचा वाटा मोठा. आता तणनाशकाने तोही कमी केला. शिवाय २०१५ च्या मार्चपासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली; थकलेला बैल विकून नव्याला पैसे उभे करण्याची जुनी वाट अरुंद झाली. जोडी ठेवायची तर वर्षभराचा कडबा लागतो आणि काम तीन-चार महिन्यांचं. मग भाड्याने डवरणी करून घेणारे वाढतात आणि पोळ्याला त्यांच्या घरी कुंभाराकडची मातीची जोडी पुजली जाते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. मोठ्यांसाठी तो मटणाचा दिवस. नागपुरात त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. तिथली काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. लहानांचा असतो तान्हा पोळा, तो नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केल्याचं सांगतात. चाकांवरचे लाकडी नंदी घेऊन मुलं निघतात. या नंद्यांनाही मठाटी असते, झूल असते, शिंगांना बेगड असते, आणि सजावटीला बक्षीस. ठोंबऱ्याचा खर्च नाही, खांद शेकायचं काम नाही. बोजारा मात्र मुलांनाही द्यावा लागतो. तो हातात पडेपर्यंत पोरं दारातून हलत नाहीत.