मुलांशी निवडणुकीविषयी कसे बोलावे



निवडणुकीच्या आदल्या दिवशी आपली शाळा मतदान केंद्र बनते. बाके एका बाजूस सारली जातात, दाराशी केंद्राचा क्रमांक लागतो आणि मुलांना सुट्टी मिळते. मतदान आटोपल्यावर मुले परत येतात, तेव्हा त्यांना जमिनीवर खडूच्या रेघा, कोपऱ्यात दोऱ्याचे व लाखेचे तुकडे दिसतात. आईबापांच्या बोटांवरील शाईची खूण तर त्यांनी घरी पाहिलेलीच असते. "गुरुजी, काल इथे काय झाले?" असे कोणीतरी विचारतेच. म्हसावदसारखे मोठे गाव असो की सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा पाडा असो, या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते: "ती मोठ्यांची गोष्ट आहे, तुम्ही पुस्तके काढा."

हे उत्तर आपण भीतीपोटी देतो. जिल्हा परिषद सेवकांसाठी १९६७ साली झालेल्या वर्तणूक नियमांनी आपणांस पक्षीय राजकारणापासून दूर राहण्याचे बंधन घातले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु प्रचार करणे निराळे आणि शिकविणे निराळे. अमुक उमेदवार चांगला, असे सांगणे हा प्रचार होय. उमेदवार म्हणजे कोण, मत म्हणजे काय आणि ते गुप्त का ठेवावयाचे, हे सांगणे म्हणजे नागरिकशास्त्राचा पाठ होय. पहिल्यास बंदी आहे म्हणून आपण दुसरेही टाळतो आणि मग तो पाठ ध्वनिक्षेपक लावून फिरणारी वाहने मुलांना देतात.

विषय टाळता येत नाही

दरवर्षी ९ सप्टेंबरला आपण मुलांना शिरीषकुमारांची कथा सांगतो. १९४२ साली याच दिवशी नंदुरबार येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा या पाच जणांना वीरमरण आले. ती शाळकरी वयाची मुले होती. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. बहुसंख्य शेतमजुरांस तो नव्हताच. पुढे संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मताचा अधिकार दिला. प्रौढत्वाची मर्यादा आरंभी २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर्षांची झाली.

सप्टेंबरात या मुलांना वंदन करावयाचे आणि निवडणूक आली की वर्गास गप्प बसवावयाचे, यांत विसंगती आहे. यावरून आजच्या मुलांना मिरवणुकीत धाडावे, असे मात्र कोणी समजू नये. मोठ्यांनी आपला कारभारी मतपेटीतून निवडावा, त्यासाठी कोणास गोळी झेलावी लागू नये, हेच त्या बलिदानातून साधावयाचे होते. मुलांना ही संगती दाखवून दिली म्हणजे हुतात्मा दिन व मतदानाचा दिवस एकाच सूत्रात येतात.

प्रारंभ हातपंपापासून करावा

'राजकारण' हा शब्द गावात कपट, कुरघोडी या अर्थाने वापरला जातो. म्हणून तो शब्द तूर्त बाजूस ठेवून 'राज्यकारभार' या शब्दाने आरंभ करावा, आणि तोही मुलांच्या नित्य पाहण्यातील वस्तूंपासून. शाळेजवळचा हातपंप नादुरुस्त झाला तर कोणाकडे जावयाचे? ग्रामपंचायतीकडे. शाळेची खोली गळू लागली तर? जिल्हा परिषदेकडे. नवीन कायदा राज्यासाठी करावयाचा तर विधानसभेत आणि देशासाठी करावयाचा तर संसदेत. फळ्यावर लहानापासून मोठी अशी वर्तुळे काढून हे दाखविता येते. ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा व लोकसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, हेही वरच्या इयत्तांना सांगावे.

यानंतर मुलांसमोर महाराष्ट्राचा नकाशा ठेवावा. राज्यात लोकसभेचे ४८ मतदारसंघ आहेत आणि त्यांपैकी पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ नंदुरबार आहे. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत अक्कलकुवा पहिला आणि आपला शहादा दुसरा. ही मोजणी आपल्याच कोपऱ्यापासून सुरू होते, हे ऐकून मुलांना मोठे कौतुक वाटते. आपले गाव राज्याच्या कडेला असले तरी मोजणीत ते मागे नाही, एवढा भाव त्यातून उमटला तरी पुष्कळ झाले.

हे दोन्ही मतदारसंघ, म्हणजे नंदुरबार व शहादा, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. "मग बाकीच्यांनी मत द्यायचे नाही का?" अशी शंका मुले काढतात. मत प्रत्येकाने द्यावयाचे आहे. उमेदवार मात्र अनुसूचित जमातींपैकी असावा लागतो. ज्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या कोणी ऐकला नाही, त्यांची माणसे सभागृहात असावीत, यासाठी संविधानाने ही व्यवस्था केली आहे, इतके उत्तर प्राथमिक शाळेत पुरेसे आहे. हे सांगताना गुजर, भिल्ल, पावरा व इतर सर्व मुले एकाच वर्गात आपले शब्द ऐकत आहेत, याचे भान ठेवावे. आवश्यक तेथे अहिराणी, भिली, पावरी किंवा गुजरी शब्दांचे साहाय्य घ्यावे. घरच्या भाषेत समजलेली गोष्ट मूल घरी जाऊन सांगते.

चिन्ह कशासाठी

मुले प्रचाराची पत्रके गोळा करतात आणि चिन्हांवरून भांडतात. त्या भांडणाचाच पाठ करावा. देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा म्हसावद हे मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. देशातील सुमारे १७ कोटी मतदारांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविले होते. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. नंतर एकाच मतपत्रिकेवर सर्व चिन्हे छापून शिक्का मारण्याची रीत आली आणि त्यानंतर मतदान यंत्र आले. आता विधानसभा व लोकसभेच्या मतदानात बटण दाबल्यावर चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते आणि पेटीत पडते. साधने बदलली, परंतु निरक्षर मजुरासही कोणाला न विचारता स्वतःचे मत देता यावे, हा हेतू पहिल्या दिवसापासून तोच आहे. चिन्ह म्हणजे न वाचता येणाऱ्यासाठी केलेली सोय, एवढे मुलांना समजले की चिन्हावरून होणारी मारामारी कमी होते.

मत गुप्त का

या सर्व पाठाचा गाभा येथे आहे. तो समजावून देण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. वर्गनायक निवडण्यासाठी प्रथम हात वर करून मते घ्यावीत. सालदाराची मुलगी मालकाच्या मुलाकडे पाहून हात वर करते. जो मुलगा धाकात ठेवतो, त्याच्यासाठी भराभर हात वर होतात. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा आडोसा करून चिठ्ठीवर मते घ्यावीत. दोन्ही दिवसांच्या बेरजा फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात. बेरजा निराळ्या आल्या तर त्याचे कारण मुलांनाच विचारावे. आडोशामागे कोणी कोणाचा मालक नसतो, हे सांगण्यास मग वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

आपण कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही मतदारावर करता येत नाही, अशी तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमात आहे. हे कलम मुलांना घरच्या भाषेत सांगावे. शाळेतही त्याचे पालन व्हावे. "तुझ्या घरच्यांनी कोणास मत दिले?" हा प्रश्न कोणत्याही गुरुजींनी कोणत्याही मुलास, थट्टेनेही, विचारू नये. मूल ते निरागसपणे सांगून टाकते आणि त्याचा भुर्दंड बापास मजुरीच्या वेळी भरावा लागतो.

काही अवघड प्रश्न

समजा, चौथीच्या वर्गातील एखाद्या मुलाने विचारले, "गुरुजी, तुम्ही कोणाला मत दिले?" त्यावर रागावू नये. "जसे तुझ्या आईचे मत गुप्त, तसेच माझेही," असे हसून सांगावे. गुरुजी स्वतः नियम पाळतात, हे पाहूनच मुले तो शिकतात.

समजा, एखादी मुलगी म्हणाली, "आमच्या घरी रात्री पाकीट आले." असा प्रसंग आला की वर्ग एकदम शांत होतो आणि सर्वांचे डोळे त्या मुलीकडे लागतात. या क्षणी गुरुजी जे बोलतील, ते ती आयुष्यभर विसरणार नाही. मतासाठी पैसे देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, हे सत्य लपवू नये. परंतु वर्गासमोर तिच्या बापाचा न्यायनिवाडाही करू नये. ज्या घरातील माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा दक्षिणेकडील कारखान्यांवर जातात, त्या घरातील तंगी आपणांस ठाऊक आहे. "पैसे देऊ करणाऱ्याला वाटते की गरिबाचे मत विकत मिळते. पण आत कोणते बटण दाबले, हे त्याला कधीही कळत नाही. म्हणून असे पैसे नाकारायला भिण्याचे कारण नाही आणि कोणी दिलेच तरी मत बांधले जात नाही," असे सर्वांना उद्देशून सांगावे आणि पाठ पुढे न्यावा. त्या मुलीची मान खाली जाऊ देऊ नये.

समजा, कोणी विचारले, "मतदानाच्या वेळी आईबाबा उसाच्या फडावर होते, मग त्यांचे मत?" २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले, हे दिवस स्थलांतराचेच असतात. येथे गोड उत्तर देऊ नये. ज्यांचे नाव येथील यादीत आहे, त्यांना मतासाठी येथेच यावे लागते, आणि रोजंदारी बुडवून इतक्या दुरून येणे कठीण असते, हे खरे आहे असेच सांगावे. प्रत्येक अडचणीवर आपल्याजवळ उत्तर असलेच पाहिजे असे नाही. मुलाने अडचण नेमकी ओळखली, याबद्दल त्याला शाबासकी द्यावी.

शाळेची निवडणूक

अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. परंतु पुष्कळदा गुरुजीच नावे वाचून दाखवितात आणि मुले टाळ्या वाजवितात. त्याऐवजी खरी निवडणूक घ्यावी. हजेरीपटावरून मतदारयादी करावी. उमेदवारांना पळसाचे पान, माठ, चिमणी अशी चिन्हे द्यावीत, म्हणजे पहिलीतील न वाचता येणारे मूलही मत देऊ शकेल. प्रत्येकास आपण काय करू हे सांगण्यासाठी दोन मिनिटे द्यावीत आणि जे शाळेत होऊ शकत नाही त्याचे वचन देऊ देऊ नये. मतमोजणी सर्वांसमक्ष व्हावी. हरलेल्या उमेदवाराने जिंकलेल्यास नमस्कार करावा आणि महिन्याने "पाण्याच्या टाकीचे काय केले?" असे विचारण्याचा अधिकार त्यास असावा. निकाल गुरुजींच्या मनाविरुद्ध लागला तरी तो बदलू नये. तो एकदा बदलला की मते मोजली जातात पण मानली जात नाहीत, एवढेच मुले शिकतील.

शेवटी एक सावधगिरी. मुलांच्या हाती पक्षाचा झेंडा किंवा पत्रके देणे, त्यांच्याकडून घोषणा वदवून घेणे, त्यांना प्रचारफेरीत फिरविणे यांस भारत निवडणूक आयोगाने मनाई केली असून ५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्व पक्षांना त्याबाबत कडक सूचना दिल्या आहेत. पालकसभेत व शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ही गोष्ट सौम्य शब्दांत पण स्पष्टपणे सांगावी. त्या समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांना पटले म्हणजे गावास पटते.

आज चौथीत बसणारे नऊ वर्षांचे मूल आणखी नऊ वर्षांनी याच खोलीत, याच दारातून, मतदार म्हणून येईल. त्या दिवशी आपण कदाचित दुसऱ्या शाळेत असू किंवा सेवानिवृत्त झालेले असू. आडोशामागे ते एकटेच असेल. तेथे त्यास कोणाची भीती वाटू नये, एवढी तयारी आपल्या हातून व्हावी.