मांडीची मागची बाजू

आपण ज्या भागावर या क्षणी बसला आहात, त्याच्याचविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. चेहरा आरशात दिसतो, हात डोळ्यांसमोर असतात. मांडीची मागची बाजू मात्र सहसा नजरेस पडत नाही. तिच्याविषयीचे अज्ञान मोठे आहे, आणि त्याची किंमत कधी कधी जन्मभर लंगडत मोजावी लागते.

प्रथम एक लहानसा प्रयोग करू. बसल्याबसल्या टाच जमिनीवर रोवून मागे ओढा आणि गुडघ्यामागील लवणीच्या दोन्ही कडांना बोटे लावा. दोरीसारख्या ताठ कंडरा हाताला लागतील. बाहेरच्या कडेची कंडरा दोन डोक्यांच्या स्नायूची. आतल्या कडेला आणखी दोन स्नायू उतरतात: एक खालच्या अर्ध्यात दोरीसारखा झालेला, दुसरा वरच्या अर्ध्यात पडद्यासारखा चपटा. बाहेरच्या स्नायूचे आखूड डोके मांडीच्या हाडापासून निघते. बाकी सारे बैठकीच्या हाडाला बांधलेले. म्हणजे हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. ते खुबा मागे नेतात व गुडघा वाकवितात. गुडघे ताठ ठेवून ओणवे होताना ते दोन्ही टोकांना एकदम ताणले जातात. पायाची बोटे हाती न येण्याचे हे एक मोठे कारण. खो-खोत वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हाही हा ताण शिगेला पोहोचतो आणि गडी एकाएकी मांडी धरून खाली बसतो.

या स्नायूंच्या आड शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू उतरतो. कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्रिकास्थीच्या पहिल्या तीन मुळांपासून तो बनतो. बैठकीचे हाड व खुब्याचा बाहेरचा उंचवटा यांच्या साधारण मधून तो मांडीत शिरतो, वाटेत या स्नायूंना फांद्या देतो आणि बहुधा लवणीच्या वर दुभंगतो. एक शाखा पोटरीकडे व तळव्याकडे जाते. दुसरी गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालून नडगीच्या बाजूला येते. पाऊल वर उचलणे हे या दुसरीचे काम.

या तंतूच्या वाटेने होणाऱ्या वेदनेस आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. आपण सायटिका म्हणतो. नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. मणक्यांमधील गादी सरकून मुळावर दाबली की ही कळ उठते, हे १९३४ साली मिक्स्टर व बार यांच्या लेखाने सर्वमान्य होऊ लागले. ताठ पाय उचलला की स्नायूही ताणतो आणि तंतूही. म्हणून दोन्ही दुखणी एकच वाटतात. पण स्नायूची इजा बहुधा एका जागी, दाबले असता दुखणारी असते. तंतूची कळ गुडघ्याखाली उतरते, मुंग्या आणते. दुखऱ्या मांडीला तेल चोळून घेण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा. आणि पाऊल लुळे पडले, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट. आम्ही एक मुलगा पाहिला आहे. तापात कोणीतरी त्याच्या कुल्ल्यात भलत्या जागी सुई टोचली. ताप उतरला, पण पाऊल उचलेना. पुढे कित्येक महिने त्याची चप्पल जमिनीवर घासत राही, आणि तो आवाज आला की त्याची आई घरात तोंड फिरवी. कुल्ल्याचे मनाने चार भाग केले, तर वरचा व बाहेरचा भागच तंतूपासून दूर असतो. तान्ह्या मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला टोचतात, तेही तंतू तेथून लांब म्हणूनच. सुई कोठे टोचणार, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? जे आपल्याला दिसत नाही, त्याची राखण विचारूनच करावी लागते.