चाकाचा आउट

मागच्या चाकाची पहिली तार तुटली तेव्हा मी खड्ड्याला शिव्या दिल्या. सिंहगड रस्त्यावर खड्डा शोधावा लागत नाही, त्यामुळे आरोपी हाताशीच होता. दुसरी तार बारा दिवसांनी गेली, सपाट डांबरावर, सिग्नल सुटल्यावर पहिलं पायडल मारताना. तिसरी तर सायकल जिन्याखाली नुसती उभी असताना तुटली. रात्री ‘टंग’ असा आवाज झाला आणि सकाळी पाहतो तर एक तार मान टाकून लोंबतेय. आता खड्ड्याला किती दोष देणार?

दर वेळी घराजवळच्या दुकानात नवी तार घालून दहा मिनिटांत आउट काढून मिळत होता. आउट काढणं म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराला रिम जिथे घासते तिथे पलीकडच्या बाजूची तार आवळायची किंवा अलीकडची सैल करायची. घासण्याचा आवाज थांबला की काम झालं. गिऱ्हाईक खूश, दुकानदार मोकळा. चौथ्या तारेला मात्र मी चाक काढून रिक्षात घातलं आणि पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथले काका अजून हातानं चाकं बांधतात, असं ऐकलं होतं.

काकांनी चाक फिरवून पाहिलंच नाही. ते मांडीवर आडवं घेतलं आणि शेजारशेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत पूर्ण गोल फिरले. मग पान्याच्या टोकानं एकेक तार छेडली. उजवीकडच्या तारा थोड्याफार वाजत होत्या. डावीकडे एक खणखणीत, शेजारची बद्द, तिसरी त्याहून बद्द.

“ही ऐका. आणि आता ही ऐका. एकाच बाजूच्या आहेत दोघी,” काका म्हणाले. “आउट काढलाय तुमच्या माणसानं, नाही असं नाही. पण चाकात ताणच नाही. दोन तारा सगळं ओढतायत, बाकीच्या नावाला.”

बैलगाडीच्या चाकाचा आरा लाकडाचा असतो. तुंब्यातून येणारा भार तो खांबासारखा खाली ढकलतो, आणि बाहेरून लोखंडी धाव सगळ्यांना आवळून धरते. सायकलची तार जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची. ती ढकलू शकत नाही, नुसती ओढू शकते. म्हणून सायकलचं चाक बांधतानाच प्रत्येक तार ताणून ठेवलेली असते. चांगल्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या एकेका तारेत 100 किलो वजनाच्या आसपास ओढ असते. आपण सीटवर बसलो की हब, म्हणजे सायकलचा तुंबा, वरच्या तारांना लटकतो, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं तर वरच्या तारांना फारसं काही कळतही नाही. जमिनीकडच्या तीन-चार तारांची ओढ तेवढी कमी होते, आणि तीच भार पेलण्याची रीत. अमेरिकन अभियंता जोब्स्ट ब्रँट यांनी 1981 साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे आकडेमोड करून मांडलं. चाक खालच्या तारांवर उभं असतं, हे त्यांचं म्हणणं अजूनही अनेकांना पटत नाही.

म्हणजे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. माझ्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आतला. एका किलोमीटरला साडेचारशेहून जास्त फेरे. रोजचं जाऊन-येऊन 20 किलोमीटर धरलं तर दिवसाला 9 हजारांवर आणि वर्षाला 20 लाखांच्या पुढे. तारेचा तुकडा हातात घेऊन पुढे-मागे वाकवत राहिलं तर तो तुटतो, हे आपण लहानपणी केलेलंच असतं. इथे वाकवणं फार बारीक, पण मोजणीला अंत नाही.

तार भरपूर ताणलेली असेल तर खाली येताना तिची ओढ थोडी कमी होते, संपत नाही. हबच्या भोकात ती घट्ट बसून राहते. मुळात ढिली असेल तर खाली आल्यावर पार सैल पडते, हबपाशी जिथे वाकलेली असते त्या वाकाशी हलते, आणि वर जाताना पुन्हा ओढली जाते. शिवाय रिमपाशी तिला आवळून धरणारं निप्पलही हळूहळू सुटत जातं आणि ती आणखी ढिली होते. तारा फार आवळल्या की तुटतात, ही समजूत त्यामुळे बरीचशी उलटी आहे. माझ्या चारांपैकी तीन डावीकडच्या, म्हणजे ढिल्या बाजूच्या होत्या. गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून मागच्या चाकाच्या उजव्या तारा जवळजवळ उभ्या बसतात, डाव्या तिरक्या. रिम मधोमध राहायची तर डावीकडची ओढ कमीच ठेवावी लागते. कारखान्यातून आलेल्या चाकात उजवी बाजूच अर्धवट आवळलेली असेल, तर डावीला काय उरणार? चौथी तार उजवीकडची होती. तिच्या वाकापाशी ओरखडे होते. एकदा चेन उतरून आत अडकली होती, त्याची ती खूण.

काकांनी तुटलेल्या तारेचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं आणि काउंटरवरचं भिंग पुढे केलं. वाकाच्या अगदी मुळाशी तुटलेली. तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट. उरलेला चंद्रकोरीएवढा भाग खरखरीत आणि लख्ख. काळपट भाग कित्येक महिने थोडा थोडा फाटत आलेला, लख्ख भाग एका झटक्यात गेलेला. तो झटका रात्री जिन्याखाली बसला काय आणि सिग्नलवर बसला काय.

“एक तार तुटली तर बदला,” काका म्हणाले. “ठोकर लागून दोन गेल्या, तरी बदला. पण काही कारण नसताना तिसरी गेली की समजायचं, बाकीच्या रांगेत उभ्या आहेत. सगळ्यांनी फेरे सारखेच खाल्लेत ना!”

रिमचं गणित वेगळं. खड्ड्यानं रिम एका जागी चपटी झाली असेल तर तारा ओढून ती गोल होत नाही. झाल्यासारखी दिसते, पण तिथल्या तारा ढिल्या आणि शेजारच्या ताठ राहतात. तारेच्या भोकापासून चीर निघाली असेल तर विचारच करायचा नाही. ब्रेक रिमवर घासणारे असतील तर पावसाळ्यातला चिखल आणि रेती रबरात रुतून ॲल्युमिनियम कातत राहते. रिमच्या बाजूवर पट्टी आडवी धरून पाहावं. मध्ये खोलगट फट दिसली की भिंत पातळ झाली. ती एके दिवशी टायरच्या हवेनंच फाटू शकते. माझी रिम चांगली होती. हब उघडून पाहिला, छर्रे आणि कप गुळगुळीत. तेव्हा 36 च्या 36 तारा नव्या, स्टेनलेसच्या, आणि चाक पुन्हा बांधायचं ठरलं. तयार चाक आणायला पैसे साधारण तेवढेच पडले असते. पण ते पुन्हा तसंच ढिलं निघालं असतं, याबद्दल काकांना तिळमात्र शंका नव्हती.

तारा भरायला त्यांना वीस मिनिटं लागली. नऊ बाहेरून, नऊ आतून, मग हब उलटा करून तेच. प्रत्येक तार विरुद्ध जाणाऱ्या तीन तारांना ओलांडते, आणि तिसऱ्या ठिकाणी बाहेरची तार आतलीच्या खालून जाते, म्हणजे दोघी एकमेकींना टेकून राहतात. आट्यांना तेलाचं बोट. पुढचा दीड तास पट्ट्या वेल्ड करून केलेल्या स्टँडवर पाव-पाव फेरा. आधी वर-खाली, मग डावं-उजवं, मग रिम मधोमध आहे का, आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळं सरळ झालं असं मला वाटलं, तेव्हा काकांनी समांतर तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून जोरात आवळल्या. चाकातून कट्‌कट् आवाज आले. आवळताना पिळल्या गेलेल्या तारा सुटत होत्या, वाक हबवर नीट बसत होते. चाक पुन्हा थोडं आउट झालं. पुन्हा पाना. असं तीनदा. शेवटी तारा छेडल्या तेव्हा एका बाजूच्या सगळ्या एका सुरात वाजल्या.

दीडेकशे किलोमीटर झाल्यावर दाखवायला या, असं सांगितलं होतं. गेलो. चार निप्पलांना पाव फेरा लागला, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. एकही तार तुटलेली नाही. गेल्या आठवड्यात रिमवर पट्टी धरून पाहिली, तर मध्ये फट दिसते आहे. जूनच्या आत रिम बदलायची. त्याच मापाची मिळाली तर काका नवी रिम जुनीला चिकटून बांधतील आणि याच तारा एकेक करून पलीकडे नेतील.