हिवतापाचा गुणाकार

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी तपासणाऱ्याला हिवतापाचा परजीवी खात्रीने सापडायचा, तर दर मायक्रोलिटरमागे निदान ५० परजीवी तरी लागतात. ५० लाख गुणिले ५० म्हणजे २५ कोटी. याचा अर्थ असा की एखाद्याच्या अंगात १० कोटी परजीवी असतील आणि तरीही त्याच्या अहवालावर ‘निगेटिव्ह’ लिहून येईल. त्याला ताप नसतो. तो शेतावर जातो, जंगलातून लाकूडफाटा आणतो, रात्री अंगणात झोपतो आणि त्याला चावलेली डासाची मादी ते दुखणे पुढच्या घरी नेते.

हा हिशेब ज्या भूभागात रोज खरा ठरत आला, तो जबलपूरच्या पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा. जबलपूरहून दिंडोरी जिल्ह्यातल्या शहपुऱ्याकडे निघाले की कुंडम लागते. वस्ती बहुतांशी गोंडांची. कुंडमजवळच हिरन नदीचा उगम आहे. तिथून निघून ती नर्मदेला मिळते. एका अंगाला मंडला, दुसऱ्या अंगाला दिंडोरी. १९५६पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. गडचिरोलीचे जंगल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना इथले झरे, धानाची शेते आणि विखुरलेली टोले-वस्ती ओळखीची वाटेल. हिवतापही तोच आहे. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था १९८४मध्ये जबलपुरात उभी राहिली, त्याला हे सारे कारण आहे.

आधी अंगातला गुणाकार पाहू. डास चावताना जे परजीवी सोडतो, त्यांतला एक यकृतात पोचला तरी पुरतो. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीपासून यकृतात आठवड्याभरात ४०,०००पर्यंत पिल्ले तयार होतात. ती रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात आणि दर ४८ तासांनी साधारण दहापट होतात. दोन दिवसांनी ४ लाख, चार दिवसांनी ४० लाख, सहा दिवसांनी ४ कोटी, आठ दिवसांनी ४० कोटी. एका चाव्यापासून दोन आठवड्यांत एवढे घडते.

अंगाबाहेरचा गुणाकार याहून विलक्षण आहे, आणि तो मांडण्याची सुरुवात भारतातल्याच एका शोधातून झाली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. १९०२मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढे मॉरिशसमधला हिवताप अभ्यासताना त्यांनी एक प्रश्न गणिताने सोडवायला घेतला: हिवताप जायला सगळेच डास मारावे लागतात का? उत्तर आले, नाही. माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की डास राहतात, पण आजार आपोआप विझतो. १९५०च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हे गणित पुढे नेले. एका रुग्णापासून किती नवे रुग्ण होतात, हा त्याचा गाभा. तो आकडा १च्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर ओसरते. गोवरात तो १२ ते १८ धरतात. आफ्रिकेतल्या १२१ ठिकाणच्या नोंदींवरून हिवतापासाठी तो काढला गेला, तेव्हा तो सुमारे १पासून ३,०००च्याही पुढे गेला.

समजा, आपल्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात तो ५० आहे. हा केवळ हिशेबासाठी घेतलेला आकडा. एकापासून ५०, पन्नासांपासून २,५००, त्यांच्यापासून १ लाख २५ हजार. अडवणारे काही नसेल तर तिसऱ्याच फेरीत अख्खी तहसील आटोपते. आता हा आकडा खाली आणायचा आहे. कुठे हात घालायचा?

पहिला विचार डासांची संख्या निम्मी करण्याचा येतो. डबकी बुजवली, पाणी वाहते केले आणि डास निम्मे झाले. मॅकडोनाल्ड यांचे सूत्र सांगते की ५०चे २५ होतील. कष्ट मोठे आणि गुणाकार अजून भीषणच.

दुसरा मार्ग डासाचे आयुष्य कमी करण्याचा. परजीवी डासाच्या पोटात गेल्यावर लगेच पसरत नाही, त्याला तिथे पिकायला वेळ लागतो. २८ अंश सेल्सिअसला फाल्सिपेरमला सुमारे सव्वानऊ दिवस लागतात. रोज शंभरातल्या ९० माद्या जगत असतील, तर रुग्णाला चावलेल्या १,००० माद्यांपैकी ३७७ त्या दिवसापर्यंत टिकतात. भिंतीवरच्या फवारणीने किंवा औषधी मच्छरदाणीने रोज ९०ऐवजी ८० माद्या जगू लागल्या, तर टिकतात १२७. आणि उरलेल्यांचे पुढचे आयुष्यही निम्म्याहून कमी होते. दोन्ही मिळून धोका सहाव्या हिश्शावर येतो. रोजच्या मरणात शंभरामागे दहाचा फरक, आणि परिणाम सहापट.

तिसरा मार्ग चाव्यांचा. हिवताप पसरवायला डासाला दोनदा माणूस चावावा लागतो, एकदा आजारी आणि एकदा निरोगी. म्हणून माणसाला होणारे चावे निम्मे झाले की प्रसार चौथाईवर येतो. इथला एक मुख्य वाहक ‘अॅनोफिलीस क्युलिसिफेसीस’ माणसापेक्षा गुराढोरांचे रक्त अधिक पसंत करतो. दहापैकी एकच चावा माणसाला बसत असेल, तर सगळे चावे माणसालाच बसले असते त्या मानाने प्रसार शंभरावा हिस्सा होतो. दुसरा वाहक ‘अॅनोफिलीस फ्लुविआटिलिस’ डोंगरातल्या संथ झऱ्यांत वाढतो. हिरनच्या उगमाकडचा असा प्रदेश त्याला पुरेपूर मानवतो.

आता मच्छरदाणीचा हिशेब लावा. तिच्यामुळे डास लवकर मरतात आणि चावेही निम्मे होतात: सहापट गुणिले चारपट, म्हणजे सुमारे २५पट. आपल्या कल्पित गावात ५०चे २ झाले. पण २ म्हणजे अजूनही साथच आहे. दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४. म्हणून चौथा मार्ग हवा: माणूस जितके दिवस डासांना परजीवी देत राहतो, तो काळ कमी करणे. लवकर शोधून पूर्ण औषध दिल्याने तो काळ एकतृतीयांशावर आला, तर २चे ०.६७ होतात. मग १,००० रुग्णांपासून दहाव्या फेरीला १८ उरतात. या टप्प्यावर दशांश चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे माणसांचे जीव असतात. आकडा १.१ असेल तर दहा फेऱ्यांत १,००० रुग्णांचे २,५९४ होतात आणि ०.९ असेल तर ३४९. एका आशा कार्यकर्तीने वेळेवर घेतलेले चार-दोन रक्तनमुने हा फरक घडवू शकतात.

पर्यावरणाचा हिशेब याच सूत्रात दडला आहे. तापमान उतरते तसा परजीवी पिकायला अधिक वेळ लागतो. २० अंशांना फाल्सिपेरमला सुमारे २८ दिवस लागतात, १८ अंशांना ५५हून अधिक, आणि १६ अंशांच्या खाली तो पिकतच नाही. रोज ९० टक्के माद्या जगतात असे धरले, तर त्या दिवसापर्यंत टिकणाऱ्या माद्या १,०००मागे २८ अंशांना ३७७, २० अंशांना ५४ आणि १८ अंशांना अवघ्या ३. आता २० अंशांवर फक्त एक अंश वाढवा: ५४च्या ९६ होतात. तापमान एका अंशाने वाढले आणि धोका जवळजवळ दुप्पट झाला. विंध्य-सातपुड्याच्या पठारांना हिवाळ्यातल्या गारठ्याने दिलेला आधार किती नाजूक आहे, हे यावरून कळते. पाणी साचण्याचेही तसेच. नर्मदेवर जबलपूर जिल्ह्यातच बरगीचे धरण झाले. त्या जलाशयाकाठच्या गावांत हिवताप वाढल्याचे नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. विकासाच्या हिशेबात हा रकाना आधीपासून असायला हवा.

पण सूत्रात घालायचे आकडे कुठून येतात? गावातून, आणि गावातला आकडा चुकला की दिल्लीपर्यंत सारे चुकते. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने हे सर्वांसमोर मांडले. २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंबद्दल ६,६७१ ठिकाणी घरोघर जाऊन नातेवाइकांना विचारले गेले: ताप कसा होता, किती दिवस होता, थंडी वाजत होती का. एक महिना ते ७० वर्षे या वयातल्या ७५,३४२ मृत्यूंपैकी २,६८१ हिवतापाचे ठरवले गेले. देशाच्या पातळीवर हिशेब आला वर्षाला २ लाख ५ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५,०००. संघटनेने पद्धतीवर आक्षेप घेतला, कारण नातेवाइकांच्या आठवणीवरून एक ताप दुसऱ्यापासून वेगळा करणे कठीण असते. तो आक्षेप रास्त आहे. पण अभ्यासाने दिलेली खालची मर्यादाही १ लाख २५ हजार होती, म्हणजे आठपट. त्या मृत्यूंपैकी ९० टक्के खेड्यांतले होते आणि ८६ टक्के कुठल्याही रुग्णालयाबाहेर झालेले. ज्यांच्या उशाशी डॉक्टर नव्हता, त्यांचीच नोंद नव्हती. महाराष्ट्रात २००१च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने बालमृत्यूंबाबत हेच दाखवले होते: सरकारी वहीत न चढलेली मुले खरोखर मेलेली होती.

मोजणी नीट झाली तर काय होते, हे कुंडमच्या शेजारी दिसले. मंडला जिल्ह्यात २०१७मध्ये हिवताप निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. १,२३३ गावे, ११ लाखांवर माणसे. पद्धत साधी आणि चिकाटीची होती: तापाचा माणूस शोधा, तपासा, औषध द्या, आणि तो बरा झाला का ते पुन्हा जाऊन पाहा. तीन वर्षांत तिथे स्थानिक लागणीचे रुग्ण ९१ टक्क्यांनी घटले. सूत्रातला चौथा मार्ग १,२३३ गावांत पायी चालत गेला, असे मी म्हणेन.

आता शून्याकडे येऊ. भारताने २०२७पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायचे आणि २०३०पर्यंत हिवतापमुक्त व्हायचे ठरवले आहे. पण शून्य सिद्ध करणे हा सांख्यिकीतला सर्वांत खर्चिक हिशेब आहे. ३०० जण तपासले आणि एकही रुग्ण सापडला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की लागण शंभरात एकाहून जास्त नाही. लाखाच्या वस्तीत तेवढ्यानेही १,००० लागण झालेली माणसे दडलेली असू शकतात. ३,००० तपासले तर मर्यादा येते हजारात एकावर. लाखात एकाहून कमी असे म्हणायला ३ लाख तपासण्या लागतात, आणि कुंडम तहसिलीत तेवढी माणसेच नाहीत. म्हणून जिथे ताप आहे, जिथे मागे रुग्ण होते, जिथून मजूर परतले आहेत, तिथे वर्षानुवर्षे तपासत राहणे हाच उपाय उरतो.

इतिहासाने याची किंमत दाखवली आहे. श्रीलंकेत १९६३मध्ये हिवतापाचे १७ रुग्ण उरले होते. यंत्रणा सैलावली आणि १९६९मध्ये ते ५ लाखांच्या पुढे गेले. तो देश हिवतापमुक्त ठरायला २०१६ उजाडले. भारतात स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण होते असा अंदाज आहे. १९६१मध्ये नोंद सुमारे ५० हजारांवर आली, आणि १९७६मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेली. दोन्ही देशांत रुग्ण घटताच लक्षही घटले होते.

म्हणून रुग्ण कमी झाले की तपासणीचा खर्च कमी करायचा, ही प्रशासनाची सवय गणिताशी सरळ भांडते. दहा रुग्ण उरले असताना अकरावा शोधायला लागणारे कष्ट, हजार असताना लागणाऱ्या कष्टांच्या कितीतरी पट असतात, आणि तो अकरावा सुटला तर गुणाकार पुन्हा तिथूनच सुरू होतो. कुंडमच्या टोल्यांवर तापाची चौकशी करत फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीचा मोबदला ठरवताना नोंदवहीत किती रुग्ण सापडले हे पाहू नये; किती ताप तपासले गेले हे पाहावे. शेवटचा रुग्ण सापडल्यानंतरही तिची वही कोरी पडता कामा नये.